वटारची कॅमेरावाली

नवरीला हळद लावतात त्या खोलीत बाप्याने पाय ठेवायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. मनोरमाचा धंदा उभा राहिला तो या रितीवर.

तिचा नवरा आत्माराम, आचोळ्याला फोटो स्टुडिओ चालवायचा. लग्नाची व्हिडिओ शूटिंग तेव्हा नवी होती. वटारच्या एका लग्नात आत्माराम खांद्यावर कॅमेरा घेऊन हळदीच्या खोलीकडे निघाला, तर नवरीची आजी दारात आडवी.

"यंत्र जाव दे आत. तू नाय."

"आजी, यंत्र काय आपल्या पायाने चालतं?"

"मग बायकोला शिकव."

मनोरमा तेव्हा मांडवात गजरे वाटत होती. वाडीत वाढलेली पोर, केळी आणि फुलं सोडून तिला दुसरं काही ठाऊक नव्हतं. आत्मारामने तिला पाण्याच्या पिंपामागे नेलं, लाल बटण दाखवलं आणि आत ढकललं. त्या कॅसेटमध्ये हळद थोडी आणि जमीन जास्त आली. पण बायकांनी ती कॅसेट झिजवली. त्या खोलीतला त्यांचा धिंगाणा पडद्यावर पहिल्यांदाच आला होता.

मग बरीच वर्षं आतलं तिचं आणि बाहेरचं आत्मारामचं, अशी वाटणी चालली. मंगलाष्टकांना कॅमेरावाला मधोमध उभा राहतो, अख्ख्या मांडवाला पाठ करून. बाईमाणसाने तसं उभं राहायचं म्हणजे म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या. पुढे आत्मारामचा खांदा आखडला, हात वर जाईना. मनोरमाने कॅमेरा उचलला आणि मधोमध जाऊन उभी राहिली. एक काका ओरडले, "बाय, बाजूला हो, काय दिसत नाय!" ती मागे न बघता म्हणाली, "कॅसेटमध्ये बघा." त्या दिवसापासून बाहेरचंही तिचं झालं. आमच्या पट्ट्यात तिच्याआधी कुठल्या बाईने हे काम केल्याचं कोणी सांगत नाही.

उजेड तिला वाडीने शिकवला. केळीच्या पानाआडून आलेलं ऊन तोंडावर मऊ पडतं, म्हणून ती नवरीला मांडवातून उठवून केळीखाली उभी करायची. आणि माणसांना तिने स्वतः वळण लावलं. "ए भागूबाय, हिकडं बघ! हास ना जरा, मयताला आलीस काय?" असं म्हणत म्हणत तिने अख्ख्या गावाच्या माना आपल्याकडे वळवल्या. मनू आली की तोंड वर, पदर सारखा, दात बाहेर.

मनोरमाची पन्नाशी उलटल्यावर विरारची संपदा तिच्या दारात आली. सिनेमाचं शिकलेली पोरगी, पहिलाच सिनेमा करत होती. मावशीच्या लग्नाची मनोरमाने काढलेली कॅसेट बघत लहानाची मोठी झालेली.

"काकू, माझा सिनेमा तुम्ही शूट करा."

"मी लग्नं काढते गो. सिनेमात लग्नानंतरचंपन असतं."

ती हसण्यावारी नेत होती, पण जेवताना आत्मारामला म्हणाली, "लोकांनी सांगितलेलं लई काढलं. एकदा आपल्या मनाचं काढायचं हाय." आत्माराम भात कालवत म्हणाला, "मग काढ."

सिनेमात पैसा घालणारा विरारचाच जितेश. त्याने आधीच सांगून टाकलं, "पहिल्या दिवसाचं काम बघतो. नाही पटलं तर मुंबईचा कॅमेरामन तयार आहे."

पहिल्याच दिवशी मयताचा प्रसंग आला. गेल्या हिवाळ्यातली सकाळ. वटारचंच एक घर, ओटीवर म्हातारा बाप मरून पडलाय, भोवती गावच्या बायका, आणि विरारहून लेक येते. लेकीचं काम करणारी तेवढी नटी, बाकी सगळी गावची माणसं. मेलेला बाप म्हणून काळूराम.

संपदा 'ॲक्शन' म्हणाली. मनोरमाने कॅमेरा बायकांवरून फिरवला. जसजसा फिरला तसतशी एकेक मान वर आली. पदर सारखे झाले. भागूबाई तर गोड हसली. कॅमेरा काळूरामपर्यंत पोचला, तसा त्याने मेल्यामेल्याच टोपी नीट केली.

संपदाने कपाळाला हात लावला. "अहो मावशी, कॅमेऱ्याकडे बघू नका ना!"

दुसऱ्या खेपेला सगळ्या जमिनीत डोळे खुपसून बसल्या, मास्तरांनी दटावलेल्या पोरींसारख्या. तिसऱ्या खेपेला एकीला हसू फुटलं आणि सगळी ओटी खिदळली. जितेश फोन कानाला लावून बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठावर गेला. परत येऊन सरळ मनोरमासमोर उभा राहिला.

"काकू, तुमचा दोष नाही. पण ही माणसं तुम्हाला ओळखतात. अनोळखी माणूस असला की नाही बघणार. मी मुंबईवाल्याला निघायला सांगतोय."

खोटं काय होतं त्यात? मनोरमाने कॅमेरा मांडीवर घेतला आणि पायरीवर बसली. भागूबाई शेजारी येऊन टेकली.

"आमच्यापायी तुझं काम जातं काय गो?"

"जातंय."

"मग आम्ही काय करू? तू आली का तोंड आपसूक वर होतं. सवय तूच लावली."

मनोरमाची नजर भागूबाईच्या हातांवर गेली. मग म्हणाली, "घरी तगर हाय काय?"

"टोपली भरून. दादरच्या बाजारात धाडायची, तर तुझं हे मध्येच."

"घेऊन ये. काळूरामला हार करायचा."

"खरा?"

"खरा. आनि नीट करा, मान्साला शोभंल असा."

टोपली आली, केळीच्या सोपाचे दोरे आले. आमच्याकडच्या बायकांना फुलं दिली की डोळे खाली जातात, ते काम संपेपर्यंत वर येत नाहीत. मनोरमा त्यांच्यातच मांडी घालून बसली, मांडीवर कॅमेरा चालू. दिवा नाही, 'ॲक्शन' नाही. संपदाने बाकीच्यांना हातानेच मागे सारलं.

"दोरा दे गो हिकडं."

"येवढा लांब कशाला? मानूस केवढासा."

"केवढासा कोन?" काळूराम पुटपुटला.

"गप, मेलायस ना तू!"

हळूहळू तेही बोलणं आटलं. भागूबाई कोणाकडे न बघता म्हणाली, "आमच्या सासऱ्याला असाच केलेला. हार निम्मा झाला तवर मयत उचललंपन." बोटं चालूच होती, फक्त एकदा मनगटाने नाक पुसलं. लेक झालेली नटी आत आली. कोणी मान वर केली नाही. जरा सरकून तिला जागा दिली, आणि एकीने तिच्या हातात दोऱ्याचं टोक दिलं, धर म्हणून. नटीने ते धरलं, आणि तिथं तिचा बांध फुटला. ते कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

जितेशने छोट्या पडद्यावर ते दोनदा बघितलं. मध्येच त्याचा फोन वाजला. मुंबईचा माणूस घरातून निघू का विचारत होता.

"नको," जितेश म्हणाला. "उद्यापण नको. राहू दे." मग फोन खिशात टाकून मनोरमाकडे वळला. "पुढे काय घ्यायचं, काकू?"

ओटीवरून काळूरामचा आवाज आला, "मी उठू काय आता?"

"पडून राहा," कॅमेरा उचलत मनोरमा म्हणाली. "त्या अंगाने अजून घ्यायचाय."