रक्तातलं आंबट

माझ्या डाव्या हाताचं बीपी मोजताना नर्स मशीनला दोन चापट्या मारायची, मग दुसरं मशीन आणायची. दोष हातात असेल, असं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. कपडे वाळत घालताना तो हात भरून यायचा, पण पस्तिशीत असं होतंच, असं सगळ्या जणी म्हणायच्या.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मनगट बराच वेळ धरून ठेवलं. म्हणाल्या, "इथे नाडी लागत नाहीये." धमनीला सूज येऊन ती अरुंद झाली होती. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी माझा चेहरा पुरीसारखा फुगला आणि महाल भागातल्या नातेवाइकांनी तब्येत सुधारल्याबद्दल माझं कौतुक केलं.

त्याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टर या आजारावर संशोधन करत होती. अशा रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं का, हे तिला पाहायचं होतं. मी रक्त दिलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या.

"आम्ल म्हंजे आंबटच ना गा?" त्यांनी मुलाला विचारलं.

माझा नवरा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा अडत्या. त्याने मान हलवली. आईपुढे तो तेवढीच हलवतो.

दुसऱ्या दिवसापासून माझं ताक, चिंच, लिंबू बंद. संत्री पेट्यांनी घरात येत आणि मी ती पाहुण्यांना सोलून देई. एखादी फोड तोंडात टाकली की स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचा, "काहून वं, धमनी फोडाची हाय का?"

पुढच्या तपासणीला मी त्या तरुण डॉक्टरला आंबटाबद्दल विचारलं. ती हसली नाही, याचं बरं वाटलं.

"ताई, या आम्लाचा आंबट खाण्याशी संबंध नाही. आणि त्याच्यामुळे धमनी सुजते, की सुजल्यामुळे ते वाढतं, हे मलाही अजून सांगता येत नाही. दोन्ही सोबत दिसतात का, एवढंच बघतेय." मग म्हणाली, "तुमचं तर नॉर्मल निघालं."

मला जरा वाईटच वाटलं. एवढा दुर्मिळ आजार मिळाला आणि त्यातही मी तिच्या कामी आले नाही.

"नॉर्मल निघणारेही मोजावेच लागतात," ती म्हणाली.

घरी मी सगळं नीट समजावलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "सुनेचं रक्त साफ निघालं. म्या आंबट बंद केलं नं, म्हणून."

रक्त तर आंबट बंद होण्याआधीच दिलं होतं, हे मी बोलणार होते. पण आता खायला हरकत नाही म्हणत त्यांनी माझ्या हातात संत्रं ठेवलं, तेव्हा मी ते सोलायला घेतलं.