नाना मेस्त्रींचा तळहात

गाडी थांबली की नाना मेस्त्री चहाकडे बघत नसत, ढाब्याकडे बघत नसत, लघवीलाही जात नसत. खाली उतरून ते गाडीला फेरी घालायचे आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध, लोखंडाचा तो फुगीर हब असतो त्यावर, उजवा तळहात ठेवायचे. मग मोठ्याने मोजायचे. पाच झाले की पुढचं चाक. दोन पुढची, दोन मागची. चारही झाली की मगच माणसात यायचे.

"पाच मोजंस्तवर हात टिकला तर गाडी चालती," ते सांगायचे. "तीनला उचलला तर थांबवायची. एकलाच उचलला तर देवाचं नाव घ्या. देव मानत नसला तर जॅक घ्या."

ते स्वतः मानत नसत. कळंब्याच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं, पत्र्याचं, आत बुद्धाची एक तसबीर आणि तिच्याखाली पान्यांची फळी. लिंबू-मिरची बांधलेली गाडी आली की म्हणायचे, "लिंबू सरबताला ठेवा. चाक माझ्याकडं द्या." गगनबावड्याच्या घाटात रोज चढ-उतार करणारे ड्रायव्हर त्यांच्याकडे यायचे ते चाकासाठीच. चाकाच्या पोटात बेअरिंग असतं. ते ग्रीस भरून परत बसवायचं आणि वरचा नट आवळायचा. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं. सैल राहिला तर चाक डुलायला लागतं आणि एक दिवस निघून जातं. नट किती आवळायचा ते कुठे लिहिलेलं नसतं, हाताला कळावं लागतं. नानांच्या हाताला कळायचं. "चाक नानांनी भरलंय" एवढं सांगितलं की पुढे कोणी विचारत नसे.

माझा नवरा भूगोलाचा मास्तर. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुना डिझेल ट्रक आणून दारात उभा केला. त्यावर घर बांधायचं आणि कच्छ, राजस्थान, माळवा करत परत यायचं, हा त्याचा बेत. नानांनी ट्रकखाली अर्धा तास घालवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "सर, ही गाडी न्हवं, अस्थी हायत. सोडायच्या कुठं, तेवढं सांगा."

पण त्यांनी ती बांधली. वर आमचे दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी. त्याबद्दल त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "वर तुमी बंगला बांधा. खालतं माझं राज्य." त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी इचलकरंजीला दिलेली. डिसेंबरात आम्ही निघालो तेव्हा ते कापडी पिशवी घेऊन गाडीत चढून बसले. येता का असं आम्ही विचारलंच नव्हतं.

पहाटे उठून ते डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडायचे आणि साचलेलं पाणी काढायचे. त्यासाठी माझ्याकडून त्यांनी नमुन्याची एक बाटली मागून घेतली होती. माझी छोटी रक्त तपासणीची लॅब आहे. चार बाटल्या सोबत होत्या. ती बाटली सूर्याकडे धरून ते मला हाक मारायचे. "वैनी, गाडीची लघवी बगा. साखर हाय का?"

"गाडीची नको, तुमची द्या."

"तुमी दिसला की मला सुईच दिसती. एवढी वर्षं रक्त माझं माझ्याकडं हाय. राहू दे की."

मी आग्रह केला नाही. दिवसभर लोकांची साखर मोजणारी बाई मी. नानांच्या हातून चहाचा पेला निसटायचा. चालताना त्यांची चप्पल मागे राहायची आणि ते तसेच पुढे जायचे. श्रावणापासून हे चालू होतं, गॅरेजात पावसाच्या चिखलातही. प्रवासात तो आमचा रोजचा विनोद झाला. "नाना, एक चप्पल सिद्धपूरला राहिली," असं माझा नवरा ओरडायचा, आणि नाना मागे वळून म्हणायचे, "राहू दे, परत येताना लागंल." मीही हसायचे. पायातली चप्पल गेलेली ज्याला कळत नाही त्याच्या पायात काय चाललंय, हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. मी ते म्हातारपणाच्या खात्यात टाकलं.

राजस्थानात एक लांब उतार संपवून आम्ही सपाटीवर थांबलो. दुपार होती. नाना उतरले, फेरी सुरू केली. पुढच्या डाव्या चाकाशी त्यांनी हात ठेवला आणि मोजलं. पाच.

"थंड हाय," ते म्हणाले.

मला वास आला. ग्रीस करपल्याचा. चाकाशी गेले तर हबमधून बारीक धूर निघत होता. मी हात लावला आणि "एक" म्हणायच्या आत ओढून घेतला.

"नाना, हात दाखवा."

"काय झालं हाताला?"

"दाखवा आधी."

त्यांनी तळहात उघडला. कातडी पांढरी पडून सुटत होती. ते त्या हाताकडे दुसऱ्याची वस्तू बघावी तसे बघत राहिले. मग पुन्हा हबकडे हात नेऊ लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांचं मनगट धरलं.

मलमपट्टी झाल्यावर ते म्हणाले, "वैनी, सुई काढा. मी डोळं मिटतो. बोटांना टोचा. कंच्या बोटाला टोचलं ते मी सांगतो."

मी डाव्या हाताच्या पाचही बोटांना टोचलं. पाचांवर रक्ताचे थेंब उभे राहिले.

"टोचा की," नाना म्हणाले, डोळे मिटलेलेच.

मी सुई खाली ठेवली. त्यांनी डोळे उघडले आणि बघितलं. त्याच रक्तावर मी साखर मोजली. ती किती होती ते लिहीत नाही. बाकी सगळ्याचा उलगडा होण्याइतकी होती.

गाडी तशी सोडून चालणार नव्हतं. बेअरिंग निळं पडलं होतं. माझा नवरा शहरात जाऊन नवं घेऊन आला आणि ते मी बसवलं, कारण नवऱ्याच्या हातात पाना म्हणजे खडूच. नाना शेजारी दगडावर बसून सांगत होते. "आवळा. अजून. आता चाक फिरवा. जड लागलं न्हवं? मग पाव आटा, पाव फेरा उलटा सोडा. आता चाक वर-खाली धरून हलवा. टकटक लागती का हाताला?"

"थोडी."

"थोडी म्हंजे केवढी?"

ते मला सांगता येईना. ते माझ्या हाताकडे बघत होते. त्यांचा स्वतःचा हात मांडीवर पट्टीत पडला होता, त्याची बोटं हवेत नट फिरवल्यासारखी हलत होती.

"ह्यो नट निघताना मी आवळला हुता," ते म्हणाले. "मला वाटलं बराबर झाला. मला समदं बराबरच वाटत हुतं, वैनी."

माळवा रद्द झाला. सरळ घरी निघालो. वाटेत मी प्रत्येक थांब्याला चाकांना हात लावत होते आणि नाना गाडीत बसून राहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "चप्पल श्रावणापासनं राहतीया, व्हय न्हवं?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या नवऱ्याकडून नकाशा मागून घेतला आणि कागदाच्या मागच्या बाजूला, सुजलेल्या हाताने, गाड्या लिहायला लागले. श्रावणापासून ज्या ज्या गाडीचं चाक त्यांनी भरलं होतं ती प्रत्येक गाडी. नाव आठवलं नाही तर रंग लिहिला.

कोल्हापुरात आल्यावर त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, "स्कूटर हाय न्हवं तुमची?"

फेब्रुवारीभर, लॅब आटोपली की मी त्यांना मागे बसवून फिरले. प्रत्येक मालकासमोर उभे राहून ते तेच सांगत. "माझ्या हाताला कळत न्हाय. मी भरलेली चाकं दुसऱ्याकडनं उघडून बगा." काहींनी मान हलवली. एक वाळूवाला हसला, "नाना, दुपारीच घेतली का काय?" एका टेम्पोवाल्याने त्यांच्यासमोर चाक उघडून घेतलं, ते ठीक निघालं, तर तो उलट चिडला. "उगा माझा दिवस घालवला, म्हाताऱ्या!" दोघांची चाकं मात्र डुलत होती. आठवड्यात सगळीकडे झालं की नाना मेस्त्रीला लकवा मारला. त्यांचा एक जुना सोबती मला भेटून म्हणाला, "वैनी, तुमी तरी त्याला आवरा. चाळीस वर्षाचं नाव हाय, त्यो सवताच्या हातानं पुसाय लागलाय."

नानांच्या पायाचं पुढे काय झालं ते सांगून मोकळी होते. टाचेत खिळा गेला होता, कधी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मेमध्ये पाय गुडघ्याखाली कापला, पावसाळा संपायच्या आत नाना गेले. मी इन्शुलिन दिलं, मुलीने सेवा केली, उपयोग झाला नाही. आजार लवकर पकडला असता तर पाय राहिला असता. हे मला कोणी सांगायला नको.

पण मला लिहायचंय ते नकाशावरच्या शेवटच्या नावाबद्दल. ते त्यांनी कायम मागे ठेवलं होतं.

राधानगरीच्या अलीकडच्या एका गावातला बाळू, दुधाचा टेम्पो चालवायचा. दिवाळीत वळणावर टेम्पो उलटला आणि तो जागीच गेला. पुढचं चाक लांब उसात सापडलं. उलटताना उडालं असेल, असं सगळे म्हणाले. सणाचे दिवस, ड्रायव्हर पिऊन होता, असंही सगळे म्हणाले. टेम्पो भंगारात गेला. नाना मयतीला जाऊन आले होते. त्या टेम्पोचं चाक त्यांनी त्याच आठवड्यात भरलं होतं, पण तेव्हा त्यांच्या मनात काहीही आलं नव्हतं.

मी त्यांना अडवलं. "नाना, चाकामुळे झालं हे तुम्हाला माहीत नाही."

"न्हाय."

"ब्रेक असेल. झोप लागली असेल. खरंच प्यायला असेल."

"असंल."

"मग माहीत नसताना कशाला सांगायचं?"

"माहीत न्हाय म्हणूनच सांगायचं," नाना म्हणाले. "माहीत असतं तर पोलिसात गेलो असतो."

बाळूची बायको उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तिशीची असेल. नाना पायरीवर टेकले आणि त्यांनी सांगितलं. चाक मी भरलं हुतं. माझा हात तवा मेला हुता, मला ठाव नव्हतं. चाकामुळं झालं का ते सांगता येत न्हाय, पर झालं असंल.

तिचा हात सुपात थांबला. "चार म्हैनं झालं," ती म्हणाली. "चार म्हैनं ह्यो गाव मला सांगतोय, तुजा नवरा पिऊन मेला. सासऱ्यानं पोराचं नाव टाकलंय. फोटो लावू दिना. आन् तुमी हितं उंबऱ्यावर बसून माझ्या कानात सांगताय?"

तिने सूप बाजूला सारलं.

"सांजच्याला डेअरीवर समदं गाव दूध घेऊन येतं. थितं सांगा."

मी म्हटलं, "त्यांची तब्येत बरी नाही हो. पाय—"

"तुमचं कोण हे?"

"कोणी नाही. मेस्त्री आहेत आमचे."

"मग गप ऱ्हावा."

डेअरीवर किटल्या घेऊन पन्नास-साठ माणसं उभी होती. नाना पायरीवर चढले. पहिली वाक्यं पुढच्या दोघा-चौघांपलीकडे पोचली नाहीत. "मोठ्यानं बोला की, पावणं!" कोणीतरी ओरडलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. स्वतःचं नाव, गॅरेज, चाक, हात. पट्टीचा हात वर करून दाखवला. "बाळूला दोष देऊ नका. द्यायचा तर आदी मला द्या." दूध मोजणाऱ्याचं माप थांबलं होतं. एक माणूस पुढे आला आणि त्याने नानांची कॉलर धरली. "आणि आता सांगतोस व्हय रे?" नानांनी हात वर केले नाहीत. बाळूची बायको म्हणाली, "सोड त्यांला." त्याने सोडलं. मग ती नानांना म्हणाली, "जावा आता. परत ह्या गावात येऊ नका." त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती.

आम्ही निघालो. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. नाना मागून म्हणाले, "त्यो म्हातारा, बाळूचा बा. मयतीला बघितलेला. लई मागं उभा हुता. त्याला ऐकू गेलं का?"

तो किटलीवर वाकलेला मला दिसला होता, एवढंच. पुढे मी नानांकडेच बघत होते.

"गेलं असेल बहुतेक," मी म्हणाले.

"बहुतेक नको," नाना म्हणाले. "गाडी फिरवा."

मी फिरवली.