गुरुवारपर्यंत थांबलेल्या मावशी

नर्सिंगच्या शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी प्रत्येकीला वॉर्डातला एक रुग्ण नेमून दिला होता. त्याची शुश्रूषा करायची, सगळं वहीत लिहायचं आणि परीक्षकांना त्याच्या खाटेशी उभं राहून सांगायचं. मला गारगोटीकडच्या एक मावशी मिळाल्या. त्यांचं यकृत पार निकामी झालं होतं. पंधरा दिवस मी त्यांचं अंग पुसलं, कूस बदलली, वही भरली.

परीक्षेला तीन दिवस उरले असताना डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला सांगितलं, आता घरी न्या. मावशींनाही घरीच डोळे मिटायचे होते. मी घाबरले. तीन दिवसांत नवा रुग्ण, नवी वही कशी जमणार? आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी मावशींच्या कानाशी जाऊन म्हणाले, "गुरुवारी माझी परीक्षा हाय, मावशी."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय, खुळे?" त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "गाडी गुरवारी आण. पोरीची परीक्षा होऊ दे."

गुरुवारी सकाळी परीक्षकांनी विचारलेलं सगळं मला आलं. मावशी मात्र शुद्धीवर नव्हत्या. दुपारी त्या गेल्या. गाडी आली तेव्हा मी त्यांचे केस विंचरून त्यांना चादरीत गुंडाळत होते, अगदी शिकवल्याप्रमाणे.

मुलानं आईच्या पायांना हात लावला. मग मला म्हणाला, "सिस्टर, पास झालासा न्हवं?"

मी व्हय म्हणाले. निकाल अजून लागायचा होता.