जावयाचं पोट

बर्फाच्या फॅक्टरीत काही टिकत नाही. सकाळी काढलेली लादी दुपारपर्यंत पाणी होते. किस्से मात्र वितळत नाहीत! देवगड बंदरावर बर्फ फोडता फोडता माझ्या डोक्यात त्यांचा ढीग झालाय. बोटी लागलेल्या नसल्या की आम्ही मशीनरूमच्या पायरीवर बसतो आणि कोणीतरी म्हणतंच, "सदू, तुझ्या जावयाचा सांग रे." मग मी सांगतो. बाईंची बदली होऊन तीन वर्षं झाली. जाताना त्या त्यालाही घेऊन गेल्या. तरी सांगायला सुरुवात करताना माझी नजर आधी फाटकाकडे जाते.

*

बाई म्हणजे जामसंड्याच्या हायस्कुलातल्या सायन्सच्या बाई. मार्चमध्ये एका दुपारी त्या काचेची बरणी पोटाशी धरून फॅक्टरीत आल्या. बरणीत बोटाएवढा प्राणी. पांढरट गुलाबी, चार पाय, शेपटी माशाची, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल तुरे आणि तोंड असं, की बघावं तेव्हा हसतोय!

बाईंचा भाऊ जहाजावर नोकरीला. त्याने परदेशातून आणलेला. "ॲक्सोलॉटल म्हणतात याला," बाई म्हणाल्या. "अजून लहान आहे. गार पाण्यातला प्राणी. माझ्या खोलीत पाणी तापतं आणि याला खाल्लेलं पचत नाही. इथे जागा मिळेल का?"

मशीन चालवणारा आमचा बाबी मिस्त्री बरणीत डोकावला. "आमच्याकडे मेलेले मासे येतत बाई," तो म्हणाला. "जिवंत गिऱ्हाईक ह्यो पयलोच!"

मशीनमधल्या अमोनिया गॅसच्या वासापासून लांब, ऑफिसच्या कोपऱ्यात टब ठेवला. सरबताच्या बाटलीत बर्फ भरून ती पाण्यात सोडायची, बर्फ थेट टाकायचा नाही, लॅबमधला थर्मामीटर अठराच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, अशी ड्युटी मला लागली. बाबी म्हणाला, "आमका घाम आणि हेका थंडाई! जावईच मगे ह्यो!" तेव्हापासून त्याचं नाव जावई.

जाताना बाई मला म्हणाल्या, "तुम्ही बघाल ना त्याच्याकडे?"

मी आठवीत शाळा सोडलेली. शाळेतलं कोणी मला 'तुम्ही' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी "हो" म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या बाबीला ते ऐकू आलं नाही म्हणे.

*

टबाचा तळ उघडा दिसत होता. बाई आठवड्याने येणार होत्या, त्यांना बरं दिसावं म्हणून मी खाडीतले बारीक काळे खडे धुऊन तळाला पसरले. फारच छान दिसायला लागलं.

जावई गांडुळावर झडप घालायचा तेव्हा तोंड उघडून आजूबाजूचं सगळंच आत ओढायचा. गांडुळाबरोबर खडेही!

बाई आल्या तेव्हा तो शेपटी वर करून पाण्यावर तरंगत होता. पोट फुगलेलं. बाईंनी खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "शी कधी झाली होती?"

एका तरुण बाईमाणसाने मला आयुष्यात विचारलेला हा पहिला खाजगी प्रश्न. आणि तोही माझ्याबद्दल नव्हता!

मी खड्यांचं खरं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. "मला दाखवायला केलंत ना?" एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्रभर झोप नव्हती.

*

उपचार ठरला. खडे काढून टाकायचे, खाणं बंद, पाणी आणखी गार. आणि रोज रिपोर्ट. शाळेचा शिपाई गुंडू संध्याकाळी बंदरावर मासे घ्यायला यायचा, त्याच्या हाती चिठ्ठी द्यायची.

"आज नाही." एवढीच चिठ्ठी. पण ती लिहायला मला अर्धा तास लागायचा. आधी 'बाईंस नमस्कार' लिहायचो, मग ते जास्त वाटायचं, मग नवीन कागद. बाबी म्हणायचा, "दोन शब्दांक पाच कागद! तेका होत नाय ता एक, तुका पण होत नाय!"

बाईंची उलट चिठ्ठी यायची. "धीर धरा. पाणी सोळावर आणा." मी ती खिशात ठेवायचो. फॅक्टरीतल्या ओलीने शाई पसरायची, तरी ठेवायचो.

एका चिठ्ठीत त्यांनी लिहिलं, "घरमालकांनी फ्रिज घेतलाय. आता बर्फाच्या बाटल्या घरीच करता येतील. आजारपणात त्याला हलवायला नको, पोट बरं झालं की घेऊन जाईन. तुम्हाला किती त्रास!"

त्या दिवशी मी रिकाम्या साच्यात पाणी भरत राहिलो आणि साचा वाहून जमिनीवर पूर आला.

*

शेवंताकाकी मासळीसाठी बर्फ न्यायला यायची. तिने एकदा टबात पाहिलं आणि म्हणाली, "पोट फुगला मा? मगे सोला घाल!"

आमच्याकडे जेवण अंगावर आलं की कोकमाच्या सोलांची कढी पितात. मी "नको काकी" म्हणून लादी आणायला आत गेलो. परत आलो तर टब लालभडक!

माझ्या हातातली लादी पडून फुटली. मला वाटलं, खडा आतून लागला आणि रक्त आलं. मी दोन्ही हात घालून जावयाला उचललं, गार पाण्याच्या बादलीत सोडलं आणि चक्क रडायला लागलो.

काकी पदराआड तोंड करून उभी. "अरे मेल्या, रगात नाय ता," ती म्हणाली. "चार सोला टाकलंय. माणसाक चलता ता तेका चलाचा नाय काय?"

सगळी फॅक्टरी हसत होती. काकी मात्र जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सदू, एवढा कोण रडता रे बेडकासाठी?"

मी फुटलेल्या लादीचे तुकडे गोळा करायला लागलो.

*

बारा दिवस झाले. बाबी नारळ घेऊन आला. आता देवाला गाऱ्हाणंच घालायचं, म्हणाला. नवीन मशीन बसवलं तेव्हाही त्यानेच घातलं होतं. सगळे टबाभोवती हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी तुझी लेकरा उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो मुको जीव परमुलखातसून इलो, आमचो पाव्हणो झालो. तेच्या पोटात आमच्या सदूच्या चुकीन खडे गेले. जा काय अडला आसात, ता मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

छपराचे पत्रे दणाणले. मी हात जोडले होते, पण तोंडातून 'व्हय' निघेना. तो बरा व्हावा, हे मला सगळ्यांत जास्त हवं होतं. आणि तो बरा झाला की बाई त्याला घेऊन जाणार होत्या. देवासमोर उभं राहून मी मागू तरी काय?

बाबीने कोपर मारलं. "व्हय म्हण रे!"

सगळ्यांचं संपल्यावर मी एकट्यानेच म्हटलं, "व्हय म्हाराजा." तेही हळू.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी टबाच्या तळाला सात काळे खडे! आणि बाकीचंही. जावई तळाशी चारी पाय टेकून उभा, हसतोय!

बाबीने साखर वाटली. बंदरावर बातमी गेली. अनोळखी खलाशी येऊन विचारू लागले, "झाली काय रे?" त्या दिवशी जावयाने अर्धं गांडूळ खाल्लं. मी टबाशी बसून त्याला पोटभर बघितलं.

संध्याकाळी गुंडू आला. मी कागद घेतला आणि पहिल्याच झटक्यात लिहिलं, "आज नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. बाबीला कळलं होतं. तो एकच वाक्य बोलला, "सदू, खोटा लिवतंस तर निदान अक्षर तरी वाईट काढ."

*

पाचव्या दिवशी चिठ्ठी आली नाही. बाईच आल्या. मागे गुंडू, हातात रिकामी बादली. "पंधरा दिवसांच्या वर झाले," बाई म्हणाल्या. "काळजी वाटली. आता कुडाळच्या डॉक्टरांकडे नेते."

मी सकाळपासून टब साफ केला नव्हता.

बाई टबाशी बसल्या. जावई अख्खं गांडूळ गिळत होता. तळाला त्या दिवशीचं सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. बाबी मिस्त्री मशीन बघायला म्हणून बाहेर गेला, मशीन बंद असूनही.

बाई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग वर माझ्याकडे बघितलं. मी थर्मामीटर वाचत होतो. सोळा. परत वाचला. सोळाच.

बाई उठल्या, हात पदराला पुसले आणि गुंडूला म्हणाल्या, "बादली परत न्या. पोट अजून बरं नाही त्याचं."