रिकाम्या बाटलीतला निळा रंग

मातीचं पाकीट उघडलं की शबाना मॅडम आधी चिमूटभर माती बोटांत चोळून बघत, चष्मा त्यानंतर. यवतमाळच्या माती तपासणी प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो. वणीच्या एका मेकॅनिकची ही मुलगी. रसायनशास्त्र शिकलेली, बोलणं मात्र अस्सल वऱ्हाडी. कोणती माती पिकासाठी किती स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, सोडते, ते त्या मोजत. काळी माती ते घट्ट धरून बसते, मुरमाड माती वेगळी वागते. "मातीत हाय किती, हे मले सांगू नोको," त्या म्हणत, "थे सोडते किती, थे सांग."

मातीच्या अर्कात रसायन घातलं की निळा रंग येतो. जितका गडद, तितकं स्फुरद जास्त. त्या वर्षी सर्वांत शेवटी आलेल्या मुकुटबनच्या सगळ्याच नमुन्यांना गडद निळा आला. यंदा स्फुरदाचं खत टाकू नका, असं मॅडमनी तिथल्या शेतकऱ्यांना कळवलं.

पोळ्याच्या सुमारास मुकुटबनच्या कमलाबाई आल्या. उपटून आणलेली पऱ्हाटी, कपाशीचं झाड, त्यांनी टेबलावर ठेवली. खुरटलेली, काळपट.

"मॅडम, तुमीच म्हनलं होतं नं, खत टाकू नोका म्हून?"

मॅडमनी लगेच एक बाटली चाचणीला लावली. माती नाहीच, नुसतं पाणी. तीही निळी झाली. मुकुटबनच्या नमुन्यांच्या वेळी बाटल्या धुवायला आणलेल्या नव्या पावडरीतच स्फुरद होतं. ही रिकाम्या बाटलीची चाचणी हंगामाच्या घाईत मॅडमनीच बंद केली होती.

"पाऊस कमी पडला म्हणून सांगा," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन मुकुटबनला गेल्या. जमलेल्या लोकांसमोर उभ्या राहिल्या. "पावसाचं काई नाई. चूक माही हाय."

लोक खूप बोलले. मॅडमनी ऐकून घेतलं. कमलाबाईंनी पाण्याचा गडवा पुढे केला, पण मॅडमच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"आता वाढन का पऱ्हाटी?"

"नाई."

परतताना वणीत माहेरच्या घरावरून गाडी गेली, तरी मॅडम थांब म्हणाल्या नाहीत.

पुढे त्यांची बदली झाली, नुसत्या कागदी कामावर. निरोपाच्या दिवशी मी विचारलं, "तुम्ही मुकुटबनला गेलाच नसता, तर कोणाला कळलं असतं?"

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अरे, कमलाबाईनं पुढच्या साली बी खत टाकलं नसतं."