राखणीचा कोंबडा

“अगो, पाय बघून!” आमच्या बाईंचं स्वागत हे असं. ‘ये, बस’ त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दार ढकललं की एक पाय वर धरून थांबायचं, कारण सारवलेल्या जमिनीवर सात पिल्लं मोकळी हुंदडत असायची.

रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत मी नवी लागले होते आणि बाई तिथल्या जुन्या. आमच्या खोल्यांमध्ये भिंत एकच. शाळेत त्यांचा दरारा असा, की खोटं बोललेल्या मुलीकडे त्यांनी नुसतं बघितलं तरी ती रडू लागे. तुम्ही म्हणाल, अशा बाईंच्या घरात कोंबडीची पिल्लं कुठून आली? कोंबडीला मुंगसानं नेलं, पिल्लं उघडी पडली आणि बाईंनी ती टोपलीत घालून चुलीपाशी आणून ठेवली, झालं.

मग रविवारी आमच्या कडक बाई दगडी गडग्याकडेला बसून पिल्लांसाठी वाळवी उकरताना दिसू लागल्या. संध्याकाळी वह्या तपासायला बसल्या की सातही मांडीत शिरायची. एकदा एक पिल्लू शाईत पाय बुडवून कुणाच्या तरी निबंधावरून चालत गेलं. “बिचारीला दोन गुण वाढवून दिले,” बाई म्हणाल्या, “हा लबाड तिच्याच वहीवर का गेला कोण जाणे.”

सहा तलंगा निघाल्या. अंडी द्यायला लागल्या तशा अंगणात राहायला गेल्या. सातवा कोंबडा. तो घरातच राहिला आणि बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर झोपू लागला.

मे महिन्यात मुंबईहून त्यांचा भाऊ आला. कोंबड्याकडे बघून म्हणाला, “ताई, चांगला भरलाय. उद्या कोंबडी-वडे कर.”

“हात लावू नको त्याला,” बाई म्हणाल्या. “राखणीचा आहे तो.”

आमच्याकडे गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षातून एकदा कोंबडा कापून देतात. एखादा कोंबडा त्याच्या नावानं बोलून ठेवला, की कुणी त्याला शिवत नाही. भावानं हात मागे घेतला आणि निमूटपणे आठ दिवस बांगडे खाल्ले.

पण बाईंचं ते बोलणं ओटीवर बसलेल्या घरमालक आबांनी ऐकलं होतं. भाऊ गेल्यावर ते आले. “बाय, तुमी बोललाव. आता द्याया हवा.”

“आबा, सहज बोलल्या हो त्या!” मी भांडायलाच उठले.

“सहज नाही,” बाई म्हणाल्या. “खोटं बोलले मी. आता ते खरं करायला हवं.”

दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. शेवटी आबाच विरघळले. “जिता सोडा. चालता देवाला. पण परतताना मागं बघायचा नाय, आनी घर येईस्तोवर कुनी बोलायचा नाय.” माझा राखणदारावर फारसा विश्वास नव्हता. मुंगसावर होता.

बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या आठवतात त्या त्याच संध्याकाळच्या. कातळाच्या उघड्या सड्यापलीकडे, राखणदाराच्या झाडाखाली त्यांनी कोंबडा ठेवला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि वळल्या. पुढे बाई, मागे आबा आणि मी. बाईंचे खांदे हलत होते. एवढ्यात मागे पाचोळा वाजला. कोंबडा आला, आमच्या दोघांच्या मधून वाट काढत पुढे गेला आणि बाईंच्या टाचेमागून चालू लागला.

मी तोंड उघडलं. आबांनी डोळे वटारले. मग सगळा सडा आम्ही तसाच उतरलो. बाई पदरात तोंड खुपसून रडत चालल्या होत्या आणि ज्याच्यासाठी रडत होत्या तो वीतभर मागे होता.

अंगणात शिरताच त्यानं बाईंना मागे टाकलं आणि त्यांच्याआधी घरात गेला. बाई जागच्या जागी थांबल्या.

“देवानं परत धाडलान, बाय,” आबा म्हणाले. त्यांनी सड्याच्या दिशेनं हात जोडले.

बाईंनी आबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “खरं ना?” त्यांनी विचारलं, चुकलेल्या मुलीनं विचारावं तसं.

“खरं,” मी म्हणाले.