आपोची वाटी आणि माझं पोट

तशी मी कुणाला फारसं काही सांगत नाही. पण ही फजिती एकटीच्या पोटात मावेना, म्हणून ऐका. पोटात मावेना हे मी उगाच म्हणत नाहीये, ते पुढे कळेलच.

यंदा मी मालाडच्या नव्या शाळेत आले. वर्गात माझ्याशी आपणहून बोलणारी एकच मुलगी, जेनिस. तिच्या घरचे मूळचे चिनी, पण कितीतरी पिढ्या कोलकात्यात काढून आता मालाडला आलेले. एक दिवस ती म्हणाली, "रविवारी जेवायला ये ना. आपो आमच्या गावाकडचं बनवणारेय." आपो म्हणजे तिची आजी.

मैत्रिणीच्या घरी जेवायला जायची माझी पहिलीच वेळ. आपोला मी आवडले नाही, तर वर्गात पुन्हा एकटी. मला ती एकच काळजी.

निघताना आईने बजावलं, "पानात काही टाकायचं नाही. आणि कुणी वाढत असलं की सारखं नको-नको करायचं नाही. आपलं वळण दिसूदे त्यांना."

आता, चायनीज म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. स्टेशनबाहेरच्या गाडीवर मिळतं ते. लालभडक, कोबीने भरलेलं, वर कुरकुरीत नूडल्स. जेनिसच्या टेबलावर लाल असं काहीच नव्हतं. पानात गुंडाळून दोऱ्याने बांधलेला चिकट भात होता. आणि मध्ये खळगी असलेले तपकिरी मणी, मशरूमबरोबर परतलेले.

"हे अबॅकसच्या मण्यांसारखे करतात," जेनिस म्हणाली. "अळकुड्या उकडून, त्यात पीठ मळून."

अळकुड्या? अळूचे ते कंद तर आमच्या कोकणातले. आणि तो भात बघून मला हळदीच्या पानातल्या पातोळ्याच आठवल्या. मग इतकी वर्षं तो गाडीवाला मला नक्की काय खाऊ घालत होता?

मणी मात्र मस्त होते, मऊ आणि चिवट. मी वाटी अगदी साफ केली. आपोने ती लगेच भरली. मी पुन्हा साफ केली. आपोने पुन्हा भरली. "और लो, बेटा," ती म्हणायची, आणि मला वाटायचं, चला, आवडलो आपण.

जेनिसच्या वाटीत मात्र दोन मणी तसेच पडलेले, आणि बाईसाहेब निवांत बसलेल्या. आमच्याकडे असं टाकलं असतं तर? मला तिचीच काळजी वाटली. ती पाणी आणायला उठली, तेव्हा मी हळूच तिचेही दोन मणी खाऊन टाकले. मैत्रिणीला ओरडा बसू नये, इतकाच हेतू.

आपोने दोन्ही वाट्या भरल्या.

जेनिस पाण्याचा जग घेऊन आली आणि बघतच राहिली. "माझं तर झालं होतं ना?"

मी खाली मान घालून खात राहिले. आता घास गिळवत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. आपोने ते पाहिलं, माझ्या गालावर हात ठेवला आणि जेनिसला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, घरी पोटभर मिळतं ना हिला?"

सांगायचं होतं की आई भरपूर देते. पण तोंडात मणी होते. आपो उठली आणि भाताचा मोठा डबा भरून घेऊन आली.

लिफ्टपाशी जेनिसने मला धरलं. "वेडी आहेस का गं? वाटीत थोडं ठेवायचं असतं. साफ केलीस की आपोला वाटतं, कमी पडलं."

"म्हणजे तू ते दोन मणी मुद्दाम..."

"हो. आणि तू ते खाल्लेस."

घरी आईने डबा उघडला. "एवढं कशाला दिलं त्यांनी?"

"त्यांना वाटलं, मला घरी खायला मिळत नाही."

आईने डब्याचं झाकण खटकन लावलं. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी बोलाव दोघींना. बघतेच मी."

त्या रविवारी कोंबडी-वडे होते, सोलकढी होती. आई वाढतेय आणि आपो कौतुकाने जेवतेय. मी या वेळी तयारीत होते. अर्धा वडा ताटात तसाच ठेवला, आपोला नीट दिसेल असा. तिने तो पाहिला, हसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. सुटले एकदाची, असं वाटलं.

तेवढ्यात तो वडा आईलाही दिसला.

"पाहुण्यांसमोर पानात टाकतेस? माझी अब्रू घालवणार आहेस का? खा तो आधी."

मी अख्खा तुकडा तोंडात कोंबला. ताट लख्ख.

आपोचं हसू मावळलं. एक सुस्कारा टाकून तिने मांडीवरची पिशवी उघडली. आतून डबा निघाला. पहिल्या डब्यापेक्षा मोठा.

"आपो म्हणतेय," जेनिस खाली बघत कसंबसं हसू दाबत म्हणाली, "तिला वाटलंच होतं, म्हणून ती सोबतच घेऊन आली."

आईने डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हे काय आहे गं? सांग ना त्यांना काहीतरी."

सांगणारच होते. पण तोंडात वडा होता.